अर्धी सायकल कोल्हापुरात, अर्धी कुरुंदवाडात

कोल्हापूरहून परतल्यावर शेजारणी विचारतात, अंबाबाईचं दर्शन झालं का, चपला कितीला पडल्या, गुळाची ढेप आणलीत का. मी सायकल आणायला गेले होते, हे सांगितलं की त्या माझ्याकडे आणि मग माझ्या यजमानांकडे बघतात. यजमान शांतपणे मान हलवतात. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

मी पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. बाराव्या वर्षापासून सायकलवर आहे. कॉलेजात असताना एकाची रेसची सायकल मागून घेतली आणि मैदानाला एक फेरी मारली होती. खाली वळलेलं हँडल, दोन बोटांएवढा टायर, आणि पायाखाली काही नाहीच असं वाटायला लावणारा वेग. फेरी संपली, सायकल परत द्यावी लागली. पुढे लग्न झालं, नोकरी लागली, दोन मुली झाल्या आणि सदतिसावं वर्ष उजाडलं, तरी ती फेरी डोक्यातून गेली नाही.

आमच्या चित्रकलेच्या बाई मूळच्या कोल्हापूरच्या. दिवाळीत माहेरी गेल्या तेव्हा त्यांनी बातमी आणली, की पेठेत बाबालाल मिस्त्रींच्या दुकानात छताला एक विलायती रेसची सायकल टांगलेली आहे आणि मिस्त्री विकतो म्हणतात. 'सायकल' हा शब्द त्यांनी बराच सैलपणे वापरला होता, ते मला तिथे गेल्यावर कळलं.

माझे यजमान संस्कृत शिकवतात आणि सगळीकडे पायी जातात. या वयात हे कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. "मीही येतो," एवढंच म्हणाले. जानेवारीत रजा काढून आम्ही निघालो.

कोल्हापूर

सकाळी गाडीतून उतरलो ते मिसळ खायला बसलो. यजमानांनी वाढप्याला सांगितलं, "तिखट जरा कमी."

"कमीच हाय की ह्ये," तो म्हणाला आणि वर आणखी एक पळी कट ओतून गेला. पुण्यात गिऱ्हाईक मागेल तेवढंच मिळतं, आणि तेही उपकार केल्यासारखं. इथे गिऱ्हाइकाचं हित वाढपी ठरवतो. यजमान डोळे पुसत बाहेर पडले आणि तसेच लाल डोळ्यांनी मिस्त्रींच्या दुकानात शिरले. मिस्त्रींना वाटलं, घरात काही दुःखाची गोष्ट घडून माणूस आलाय. त्यांनी त्यांना हाताला धरून बसवलं.

बाबालाल मिस्त्री साठीच्या घरातले. चौकड्याची लुंगी, बनियन, आणि एका बाजूची काडी मोडल्यामुळे दोऱ्यानं कानाला बांधलेला चष्मा. "पुन्याचं पावणं न्हवं? बाईंचं पत्र आलंय. वैनी, तुमी तिकडं ष्टुलावर बसा, न्हाईतर लुगड्याला ग्रीस लागंल." मी सलवार-कमीज घातला होता, पण ते त्यांनी बघितलंच नव्हतं. ते यजमानांशी बोलत होते.

"सायकल बघायची होती," यजमान म्हणाले.

"बघा की. डोस्क्यावरच हाय."

आम्ही वर पाहिलं. छताच्या हुकाला एक फ्रेम टांगली होती. गडद निळी, सांध्यांवर सोनेरी रेघा. खाली वळलेलं हँडल होतं, चामड्याची अरुंद सीट होती, पायडल होते. चाकं नव्हती.

"चाकं?" मी विचारलं.

मिस्त्रींनी यजमानांना उत्तर दिलं. "चाकं कुरुंदवाडात असतात." थोरली लेक कुरुंदवाडला दिलीय, असं सांगावं तसं.

मग चहा आला आणि हकिगत कळली. संस्थानाच्या नोकरीतला एक गोरा इंजिनिअर देश सोडून जाताना ही सायकल विकून गेला होता. ती घेतली दोघांनी, निम्मी-निम्मी. एक बाबालाल मिस्त्री, दुसरे कुरुंदवाडचे आण्णा मगदूम. आण्णा जैन शेतकरी, उसाचा मळा, अंगात तेव्हा रग. ते पळवायचे, मिस्त्री सायकल राखायचे. मग सतरा वर्षांपूर्वी कोल्हापूर ते जयसिंगपूर अशी शर्यत लागली. आण्णा पुढे होते. हातकणंगल्याच्या अलीकडे उताराला सायकल डावीकडे गेली ती सरळ उसात. शर्यत गेली, आण्णांचा खांदा निखळला.

"आनि आण्णा सगळ्या गावाफुडं म्हनला, मिस्त्रीनं चाकाचा आउट काढला न्हाय, चाक वाकडंच ठिवलं, म्हनून पडलो! माझ्या चाकाला आउट? मी म्हनलो, तुलाच डाव्या अंगाला कलायची सवय हाय. तवा तेनं चाकं काढली आनि एस.टी.त बसून गेला. तवापास्नं तोंड बघितलं न्हाय."

"फ्रेम जरा खाली काढता का?" मी म्हटलं.

"चाकं आल्याबिगर न्हाय." मिस्त्री यजमानांना म्हणाले, "पावणं, फ्रेमचं दोनशे. चाकाचं तुमी आन तेनं बघून घ्या."

दोनशेत तेव्हा बरीचशी नवी सायकल येत होती, चाकांसकट. मी घासाघीस सुरू केली. मिस्त्री प्रत्येक वेळी यजमानांकडे बघायचे, यजमान माझ्याकडे बघायचे, आणि किंमत जागची हलायची नाही. शेवटी आम्ही कुरुंदवाडची एस.टी. धरली.

कुरुंदवाड

ऊसतोडीचे दिवस होते. रस्ताभर बैलगाड्यांची रांग, सगळीकडे उसाच्या पाल्याचा आणि गुऱ्हाळाच्या धुराचा गोड वास. कुरुंदवाडात मगदुमांचं घर कुणालाही विचारा, असं मिस्त्री म्हणाले होते, तसं विचारलं, तर सांगणारा घरापर्यंत सोबत आला आणि आमच्या आधी आत जाऊन बसला.

आण्णा मगदूम उंच, खांदे रुंद, पण उठताना गुडघ्याला हात देऊन उठत. त्यांच्या बायकोला घरादारात सगळे अव्वा म्हणत. साडेपाचलाच त्यांनी पाटपाणी केलं. "आमच्यात दिवस बुडायच्या आत जेवत्यात. बसा, मग बोला काय ते." पुण्यात आम्ही साडेपाचला चहा घेतो आणि पाहुणा जेवायला थांबेल की काय या विचारात असतो. इथे पाहुण्याचं नावही अजून विचारलेलं नव्हतं. कांदा-लसूण नसलेली आमटी, ज्वारीची भाकरी आणि शेवटी दाट बासुंदी. यजमानांनी तीन वाट्या घेतल्या. मिसळीचं नुकसान भरून निघालं, म्हणाले.

हात धुतल्यावर यजमानांनी सायकलीचं सांगितलं, तसं आण्णांनी त्यांना विचारलं, "त्यो किती म्हनला फ्रेमचं?"

"दोनशे," यजमानांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. मी कपाळाला हात लावला.

"मग माझ्या चाकांचं दोनशे एक."

आण्णांनी धान्याच्या खोलीतून चाकं आणली. जुन्या धोतरात गुंडाळलेली, रिम चकचकीत. सतरा वर्षांत एकदाही रस्त्याला न लागलेल्या चाकांना या माणसानं तेल देत ठेवलं होतं. मी एक चाक आसाला धरून फिरवलं आणि रिमजवळ बोट धरलं. रिम बोटाला कुठेही शिवली नाही.

"आण्णा, या चाकाला आउट नाही," मी म्हटलं.

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाला यातलं कळतंय व्हय?"

"सायकल मलाच घ्यायचीय."

"आँ?" आण्णा यजमानांकडे वळले. यजमानांनी मान हलवली. आण्णांनी चाक स्वतः एकदा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "आता न्हाय आउट. बसून बसून गेला आसंल."

चाकं आमच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. मिस्त्री मागाहून आउट घालून ठेवील आणि नाव आपल्यावर येईल, ही भीती. मिस्त्रींच्या दारात पाय ठेवायलाही तयार नव्हते. तेव्हा चुलीपुढून अव्वा म्हणाल्या, "सतरा वर्सं जोंधळ्याच्या पोत्यांवर ती चाकं सांभाळतीया मी. उद्या तुमी तरी जावा, न्हाईतर चाकं तरी जाऊंदेत. आन दोनी गेलं तरी माझं काय म्हननं न्हाय."

दुसऱ्या दिवशी आण्णा एस.टी.त होते. मांडीवर दोन चाकं. कंडक्टर म्हणाला, "चाकांचं सामान तिकीट पडंल."

"चाकाला तिकीट? तुझ्या गाडीला सहा हाईत, त्यांनी काढलंय का?"

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला, आणि तिकीट फाडून आण्णांच्या हातात दिलं.

पुन्हा कोल्हापूर

दोघं समोरासमोर आले तेव्हा मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. आण्णा दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसले. मिस्त्रींनी फ्रेम खाली काढली आणि यजमानांना म्हणाले, "पावणं, तेला म्हनावं चाकं दे." यजमान वळून म्हणाले, "आण्णा, चाकं द्या." आण्णा म्हणाले, "गुरुजी, तेला म्हनावं, नीट बसव म्हनावं." चाकं बसेपर्यंत माझे यजमान दोन हातांवरच्या माणसांमध्ये निरोप पोचवत होते. घाम फुटला होता त्यांना.

तासाभरात समोर सायकल उभी राहिली. मी सलवारीला घोट्याशी दोरी बांधली, दांड्यावरून टांग टाकली आणि दुकानाशेजारच्या तालमीपुढच्या मोकळ्या जागेत फेरी मारली. मातीच्या हौद्यातले दोन पैलवान लंगोटावरच बाहेर येऊन उभे राहिले. मला त्यांची लाज वाटायला हवी होती की त्यांना माझी, हा विचार करायला सवड नव्हती, कारण सायकल उडत होती. अगदी तशीच, मैदानावरच्या त्या फेरीसारखी.

फक्त ती डावीकडे ओढत होती.

मी उतरून तसं सांगितलं, आणि दोन्ही बाजूंनी एकदम आवाज उठला.

"म्हनलं न्हवतं? मिस्त्रीच्या हातचीच चाकं!" आण्णा पायरीवरून ओरडले.

"बाईबी डाव्या अंगाच्याच हाईत!"

माझ्या पिशवीत सुतळीचा गुंडा होता. जुनी फ्रेम घेताना सुतळी लावून बघायची असते. मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचेत एक टोक बांधायचं, सुतळी पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घालायचा आणि दुसऱ्या बाजूच्या खाचेत आणून ताणायची. मग मधे सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. फ्रेम सरळ असेल तर अंतर सारखं. मोजायला मिस्त्रींची काडेपेटी घेतली. उजव्या बाजूला ती आरामात आत गेली. डाव्या बाजूला गेली नाही.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मी गप्प बसू शकले असते. पुण्यात नेऊन कुणाकडूनही बेंड काढून घेता आला असता. पण सतरा वर्षं एकाच्या डोक्यात चाक वाकडं होतं आणि दुसऱ्याच्या डोक्यात माणूस. तोंडून निघूनच गेलं.

"चाकं सरळ आहेत. आण्णाही सरळच चालवत होते. फ्रेमला बेंड आहे. तुम्ही घेतलीत तेव्हाच असणार."

तेव्हा ते दोघं सतरा वर्षांनी पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. बोलले ते असं:

"मिस्त्री, ऐकलास काय? पुन्याची बाई येऊन आपल्या सायकलीला वाकडी म्हनतीया!"

"किंमत पाडायला, आण्णा, दुसरं काय! सायबाची सायकल वाकडी आसंल व्हय? हितं हजार सायकली गेल्या ह्या हाताखालनं!"

"सुतळी कसली ती! भाजीवाल्याची!"

यजमान माझ्या पुढे येऊन उभे राहिले. त्यांनी कधी कुणाशी मारामारी केलेली नाही, पण छाती मात्र काढली होती. मी म्हटलं, "तुम्हीच मोजा. तुमच्या सुतळीनं."

मिस्त्रींनी आपली सुतळी लावली. आण्णांनी टोक धरलं. काडेपेटी उजवीकडे गेली, डावीकडे अडली. त्यांनी फ्रेम उलटी केली, पुन्हा लावली. मग आण्णांनी मिस्त्रींना बाजूला सारून स्वतः लावली. मग चष्मा पुसून मिस्त्रींनी. पाचव्यांदा काडेपेटीच चेपली.

आण्णा खाली बसले.

"म्हंजे तू चाक नीट बांधलंतास."

"बांधलंतं की."

"मग सांगायचं न्हाईस?"

"सांगिटलंतं की! तू उसातनं उठून मला शिव्या घालत हुतास. मी फुडं येऊन तुझा खांदा धरला, तर तू म्हनलास हात लावू नगंस."

आण्णांनी खांदा चोळला. "लई दुखत हुता, मर्दा," ते म्हणाले.

मिस्त्री आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात बाभळीचा वासा आणि गोणपाट होतं. "वाकडी सायकल माझ्या दुकानातनं जानार न्हाय," ते मला म्हणाले. हे ते मला म्हणाले, यजमानांना नाही.

खांबाला फ्रेम बांधली. आण्णांनी पुढून धरली, मिस्त्रींनी वाशाला गोणपाट गुंडाळून जोर दिला. मी सुतळी धरून होते. "आणखी मुंगीभर," मी म्हणायचे. यजमानांनी डोळे मिटून घेतले होते. तिसऱ्या दाबाला नवीन काडेपेटी दोन्हीकडे सारखी गेली, आणि पैलवानांनी टाळ्या वाजवल्या.

आता सौदा. मी पर्स काढली. आण्णा आणि मिस्त्री एकमेकांकडे बघत होते.

"वैनी," आण्णा म्हणाले, "आता ती सरळ झालीया. आता कशाला इकायची?"

मिस्त्रींनी मान डोलावली.

मला काय वाटलं ते लिहीत नाही. खेळाच्या शिक्षिकेनं हरताना चेहरा कसा ठेवावा, ते मी मुलींना शिकवते. मी सुतळी गुंडाळायला घेतली. तेव्हा माझे यजमान म्हणाले, "योग्य आहे. मग चालवणार कोण?"

"मी," आण्णा म्हणाले आणि उठले. त्यांनी दांड्यावरून टांग टाकायला पाय उचलला. गुडघा निम्म्यात थांबला. त्यांनी दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला. मग सायकल तिरकी केली. मग नुसतीच धरून उभे राहिले.

"मिस्त्री, तू."

"मला कवा येतीया सायकल?"

आम्ही दोघं एकदम म्हणालो, "तुम्हाला सायकल येत नाही?"

"रिपेर करायला यावी लागतीया व्हय? डाक्टरला सगळं रोग झालेलं आस्त्यात का?"

आण्णा एवढे हसले की त्यांना सायकल भिंतीला टेकवावी लागली. हसून झाल्यावर त्यांनी फ्रेमवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "बाई, दोघांचं मिळून बोलतो. तीनशे पन्नास."

"तीनशे."

"तीनशे पंचवीस. आन एक अट हाय. गाडीत घालून न्यायची न्हाय. हातकणंगल्यापातूर चालवत न्यायची. त्या उताराला दोनी हात सोडायचं. आमी एस.टी.तनं बघनार."

"आमी?" मिस्त्री म्हणाले. "माझं दुकान?"

"लाव की बंद. सतरा वर्सं उघडंच हाय."

हातकणंगल्याचा रस्ता

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. दुतर्फा झाडं, मधूनमधून ऊस भरलेल्या गाड्या. गाडीवाले बैल थांबवून बघायचे. एक जण ओरडला, "अवो बाई, हँडल उलटं बसलंय!" मी हात हलवला आणि पुढे गेले.

उताराच्या तोंडाशी मागून एस.टी. आली. खिडकीतून आधी आण्णांचा पटका दिसला, मग मिस्त्रींचा चष्मा, मग यजमानांचा पांढरा चेहरा. आण्णांनी ड्रायव्हरला काय सांगितलं होतं कोण जाणे, गाडी माझ्या बाजूनं हळूहळू चालली होती. गाडीतले सगळे उतारू एका बाजूला येऊन बसले होते.

"सोडा!" आण्णा ओरडले.

मी हात सोडले. आधी एक, मग दुसरा. डावीकडे ऊस उभा होता, माणसाच्या दीडपट उंच. सायकलनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वारा बाह्यांत शिरला, उतार पायाखालून गेला, आणि मी सदतीस वर्षांची, दोन मुलींची आई, दोन्ही हात पसरून हातकणंगल्याच्या दिशेनं निघाले होते. ही फेरी संपल्यावर सायकल कुणाला परत द्यायची नव्हती. गाडीतून जो आरडाओरडा झाला त्यानं पुढच्या गाडीचे बैल बुजले.

स्टँडवर पोचले तेव्हा वाटलं होतं, हार नाही तरी निदान चहा तरी मिळेल. माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. आण्णा आणि मिस्त्री बाकावर बसले होते, मधे माझे यजमान भडंगाचा पुडा धरून.

"सरळ असती तर पैला आलो असतो मी," आण्णा सांगत होते.

"दुसरा," मिस्त्री म्हणाले. "इचलकरंजीचा त्यो पोरगा घाटावर तुला खाऊन गेला असता."

"दुसरा? मी?"

"दुसराच की."

"गुरुजी, तेला इचारा, कुठला घाट? कोल्हापूर-जयसिंगपूर रस्त्यात घाट हाय का?"

"पावणं, तेला म्हनावं..."

यजमानांनी केविलवाण्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं. मिरजेहून पुण्याला जाणारी आमची गाडी संध्याकाळची होती, वेळ भरपूर होता, आणि त्यांच्याजवळ भडंगही होतं. मी पायडलवर पाय ठेवला आणि मिरजेचा रस्ता धरला.